जेवायला बोलवा, पण आधी भिंत दाखवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अंबाजोगाईतल्या एका कॉलनीच्या महिला मंडळाच्या सचिव लिहितात, "आमच्या कॉलनीला लागून जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिची रस्त्याकडची कंपाउंड भिंत ६० फूट लांब आणि ७ फूट उंच. पानाच्या पिचकाऱ्या, फाटलेली पोस्टरं, अशी तिची अवस्था. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तिच्यावर सगळ्यांनी मिळून काढलेलं चित्र असावं असं ठरलं. ३० हजार रुपये वर्गणी जमली. गावकऱ्यांना आणि लेकरांना सोबत घेऊन भिंती रंगवणारे एक चित्रकार जवळच्याच शहरात राहतात. फोनवर त्यांनी अंदाजे ४५ हजार सांगितले आणि मंडळात कुरबुर सुरू झाली. 'समाजासाठी काम करतात म्हणे, मग पैशाचं काय काढलं मधीच? जेवू घालू, शाल-नारळ देऊ, गाडीभाडं देऊ, झालं,' असं निम्म्याजणी म्हणायल्यात. मी त्यांना कॉलेजजवळच्या बर्गरच्या हॉटेलात दुपारी जेवायला बोलावणार आहे. येताना दोन-तीन स्केच आणायला सांगू का? हॉटेलचा मालक ओळखीचा आहे, चित्रात त्याचा लोगो टाकला तर तो १० हजार देतो म्हणतो. काहीजणींचं म्हणणं, बर्गर म्हणजे काय जेवण आहे का, घरी बोलवा, पुरणाचा स्वयंपाक करू. जेवता जेवता भाव कसा कमी करून घ्यावा?"

ताई, तुमच्या पत्रात भाव आहे, जेवण आहे, लोगो आहे. भिंतीबद्दल मात्र लांबी, उंची आणि पिचकाऱ्या, एवढंच. चित्रकारांनी ४५ हजार सांगितले तेही भिंत न बघता. म्हणजे हा आकडा वरही जाऊ शकतो आणि खालीही येऊ शकतो, आणि तो कुठे जाईल हे बर्गरच्या टेबलावर ठरणार नाही, प्लास्टरवर ठरेल. त्यामुळे भाव कसा पाडायचा हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी हे पैसे कशाकशाचे आहेत ते बघू.

खालचा हिशोब केवळ अंदाज आहे, पण अशा कामाची मांडणी साधारण अशीच असते. भिंत ४२० चौरस फूट. बाहेरच्या भिंतीचा प्रायमर एका हाताला लिटरमागे शंभरेक चौरस फूट चालतो, म्हणजे पाच लिटरचा डबा. त्यावर पांढऱ्या एक्सटीरियर इमल्शनचे (बाहेरच्या भिंतीच्या, पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे) दोन हात. दोन हातांना लिटरमागे पन्नासेक चौरस फूट धरले तर साडेआठ लिटर, म्हणजे दहा लिटरची बादली. भिंत खरखरीत असेल तर आणखी पिते. चित्राचे रंग वेगळे: सहा-सात रंगांचे एकेक लिटरचे डबे. गडद लाल किंवा गडद निळा हवा असेल तर पांढऱ्यात स्टेनर, म्हणजे बाटलीतला घट्ट रंग, ओतून तो मिळत नाही. कितीही ओतलं तरी गुलाबी आणि आकाशी. वर जास्त स्टेनरने रंग नीट वाळत नाही आणि पहिल्या पावसात ओघळतो. असे रंग दुकानातल्या मशीनवर, गडद रंगाच्या वेगळ्या बेसमध्ये करून घ्यावे लागतात. ब्रश, रोलर, पॉलिश पेपर, शेवटचा पारदर्शक हात धरून सामान ११ हजार समजा. मदतनीस सात दिवस, ८०० रुपयांनी ५,६००. सात फुटांना परांची लागत नाही, दोन घोड्या आणि एक फळी पुरते, त्याचं भाडं आणि टेम्पो मिळून ४०० धरा. झाले १७ हजार. उरले २८ हजार. चित्रकाराचे दिवस मोजा: भिंत पाहणं, लोकांशी बोलणं आणि डिझाइन मिळून तीन, खरवडण्यापासून पांढऱ्या हातांपर्यंत तीन, आखणीचा एक, रंगकामाचे सात. चौदा दिवस. दिवसाला दोन हजार.

आता तुमच्या गावात फरशी बसवणाऱ्या चांगल्या मिस्त्रीची हजेरी विचारून या. मग हाच आकडा मंडळात मांडा आणि कुरबुर किती उरते ते बघा. "समाजासाठी काम करतात" याचा अर्थ लोकांबरोबर काम करतात, लोकांना त्यात हात घालू देतात. शाळेचे शिक्षकही समाजासाठीच काम करतात, पण त्यांचा पगार कोणी शाल-नारळात मोजत नाही. सत्कार अवश्य करा, तो उद्घाटनाच्या दिवशी. मजुरी वेगळी आणि जेवणही वेगळं. हे तिन्ही एका ताटात वाढले की चित्रकार भिडेपोटी हो म्हणतो, मग तारखा लांबतात, फोन उचलला जात नाही, आणि अर्धवट भिंत वर्षभर तशीच उभी राहते. असे अर्धवट हत्ती-मोर ज्या गावांत दिसतात तिथे बहुतेक वेळा सौदा असाच झालेला असतो.

हाती ३० हजारच असतील तर दिवसाचा दर तोडू नका, काम लहान करा. दोन वाटा आहेत. एक, ६० पैकी ४० फुटांवरच चित्र आणि उरलेल्या २० फुटांवर त्याच रंगसंगतीतला साधा पट्टा. पुढच्या वर्षी वर्गणी जमली की तो भरता येतो. दुसरी वाट मला जास्त पटते: पूर्ण लांबी घ्यायची, पण खालचे तीन फूट एकाच गडद रंगात, गेरू किंवा कॉफीसारख्या, आणि वरच्या चार फुटांतच चित्र. ४२० ऐवजी २४० चौरस फूट. खालची पट्टी चिखल झेलते, पिचकारी झेलते आणि दरवर्षी अर्ध्या दिवसात नवी करता येते. चित्राला हात लावावा लागत नाही. (पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून देवांच्या फरशा लावण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. शाळेच्या भिंतीवर तो मानू नका.) खरवडणं मंडळाने दोन रविवार श्रमदानाने केलं आणि रंग मंडळाने थेट दुकानातून, मंडळाच्या नावाच्या पावतीवर घेतला, तर आणखी पैसे वाचतात. शिवाय हिशोब मागणाऱ्यांना दाखवायला कागद राहतो. मात्र कोणता रंग, कोणता बेस, किती डबे, ही यादी चित्रकारांची. स्वस्त म्हणून आतल्या भिंतीचा डिस्टेंपर आणला तर दोन पावसाळ्यांत हातावर पावडर येईल.

जेवण घरी की हॉटेलात? पुरणपोळीवर माझा आक्षेप नाही, पण पहिल्या भेटीला ती नको. घरी सहा जणींनी रांधून, आग्रह करकरून वाढलेलं जेवण जेवल्यावर "ताई, एवढ्यात हे होणार नाही" असं म्हणणं कोणत्याही भल्या माणसाला जड जातं. तुम्हालाही पैशाचा विषय काढणं जड जाईल. बर्गरचं हॉटेल त्या मानाने मोकळं. ज्याने त्याने आपल्याला हवं ते मागवावं, तासाभरात उठावं. बर्गर म्हणजे जेवण की नाश्ता हा वाद मंडळातच राहू द्या, पाहुण्यांना फक्त इतकं विचारा: तुम्हाला चालेल का? श्रावण आहे. कोणाचा सोमवार असतो, कोणाचा शनिवार, कोणी महिनाभर कांदा-लसूणही खात नाही, आणि बर्गरच्या ठिकाणी कांद्याशिवाय फार काही उरत नाही. कडक शाकाहारी असतील तर हॉटेलात आधी जाऊन दोन गोष्टी विचारा: चिकन आणि आलू टिक्की एकाच तेलात तळतात का, आणि मेयोनीज अंड्याचं की बिनअंड्याचं. उत्तर गोलमोल आलं तर सरळ थाळीच्या हॉटेलात जा. त्याने काही बिघडत नाही.

वेळेचा क्रम महत्त्वाचा. साडेदहाला भिंतीपाशी भेटा, बाराला हॉटेलात पोचा. एकनंतर गर्दी होते, गाणी मोठी होतात आणि दोन माणसांचं बोलणं ओरडून होऊ लागतं. चौघांचं टेबल घ्या, किचनच्या धुरापासून आणि स्पीकरपासून लांब. तुमच्याकडून दोघीच जा: एक तुम्ही आणि एक पैसे सांभाळणाऱ्या खजिनदार. नऊ जणींसमोर एकटा माणूस बसला की चर्चा होत नाही, मुलाखत होते. बर्गर गरम असताना दहा मिनिटांत खायचा असतो. बोलत बसलात तर टोमॅटो आणि सॉसचं पाणी खालच्या पावात उतरून तो हातात सुटतो, फ्राईज मऊ पडतात, आणि सॉसची बोटं नेमकी मोजमापाच्या कागदाला लागतात. म्हणून आधी खाऊन घ्या, गप्पा कुठल्याही मारा. हात धुवून, टेबल पुसून घेतल्यावर चहा-कॉफी मागवा आणि मगच कागद काढा.

बिल तुम्ही द्या. मालक ओळखीचा आहे, तो "राहू द्या ताई" म्हणेल. तरीही द्या. त्याला लोगो हवाय, आणि ज्याचं खाल्लं त्याला नाही म्हणणं अवघड होतं. लोगोच्या विषयावर पुढे येतेच.

आता भिंत. साडेदहा ते पावणेबारा हा वेळ जेवणापेक्षा मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, तळहात भिंतीवर घासा. पांढरी पावडर आली तर वर चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. त्याच्यावर कितीही महाग रंग दिला तरी तो भिंतीला धरत नाही, त्या पावडरीला धरतो, आणि पावडर सुटली की पापुद्र्यासकट खाली येतो. सगळं पत्रीने खरवडून, पॉलिश पेपर मारून, झाडून घ्यावंच लागेल. दुसरं, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाच्या खपल्या आल्या तर तेवढा भाग काढायचा. तिसरं, ओल. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावून एक दिवस-रात्र ठेवा. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा भिंत गडद झालेली दिसली तर ओल भिंतीतून येतेय. हे तुम्ही आदल्या दिवशीच करून ठेवा, खालच्या बाजूला एक आणि मध्यावर एक. चित्रकार आले की त्यांच्यासमोर काढा.

खाली पांढरे, मिठासारखे फुलोरे दिसतात का बघा. तो लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पृष्ठभागावर सोडून उडून जातं. लोणा धुवायचा नसतो. पाणी मारलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि वाळताना पुन्हा वर येतात. कोरड्या ताठ ब्रशने झाडून काढायचा आणि पाणी कुठून येतं ते शोधायचं. बहुतेक वेळा कारण भिंतीपलीकडे सापडतं: शाळेच्या बाजूने टाकलेला मातीचा ढीग, पिण्याच्या पाण्याच्या नळाखालचं साचलेलं पाणी, किंवा लगतची बुजलेली नाली. ते दुरुस्त होत नाही तोवर चित्र काढणं म्हणजे पैसे पाण्यात. नव्याने कुठे प्लास्टर केलं तर अठ्ठावीस दिवस थांबावंच लागतं. ताज्या सिमेंटचा क्षार रंग जाळतो, विशेषतः काही लाल आणि जांभळे रंग विटके पडतात. प्लास्टरला पाणी मारायला आणि पुढे रंगात मिसळायलाही खारं बोअरचं पाणी वापरू नका, पिण्याचं वापरा.

चौथी गोष्ट आपल्या भागाची खास. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कंपाउंड भिंतीचा पाया बेताचाच असतो, त्यामुळे ती मातीबरोबर हलते आणि तिरके तडे जातात. तडा जुना आणि मेलेला आहे की अजून चालू आहे हे पुट्टी भरण्याआधी कळायला हवं. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. तीन-चार आठवड्यांनी तडा रेघेपलीकडे गेला असेल तर तो चालू आहे. त्यात कडक सिमेंट भरलं तर शेजारून नवा फुटतो. बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारं लवचिक भरण वापरावं लागतं. आणि चालू तड्यावर चेहरा काढायचा नाही. झाड, नदी, शेताचा बांध काढा. पुन्हा फुटला तरी डोळ्याला खुपत नाही. हे चित्रकाराला डिझाइनच्या आधी माहीत असलं तर तो तड्याच्या जागा बघूनच रचना करतो.

पानाचे डाग पाण्यात मिसळणाऱ्या रंगातून कात वर ढकलतात. दोन हात दिले तरी आठवड्यात तपकिरी ठिपके. तेवढ्या जागांवर डाग रोखणारा, तेलात मिसळणारा प्रायमर आधी द्यावा लागतो. शेवटी फोनमधलं होकायंत्र उघडून भिंतीचं तोंड बघा. दक्षिण किंवा पश्चिमेकडे असेल तर भडक पिवळे, गुलाबी, केशरी रंग दोन-तीन उन्हाळ्यांत फिके पडतील. गेरू, पिवळी माती, काळा, हिरवट मातकट असे खनिज रंग टिकतात.

हे सगळं फार वाटत असेल तर अजिंठा आठवा. तिथे चित्रकारांनी रंगाला हात घालण्याआधी कातळावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेला गिलावा दिला, त्यावर पांढरा पातळ थर दिला आणि कोरड्यावर रंगवलं. रंगही बरेचसे हेच: गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. आणि तिथला दुसरा धडा तुमच्या शेवटच्या पारदर्शक हाताविषयी आहे. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचा लेप दिला. तो पुढे पिवळा पडला, त्यात धूळ अडकली, आणि नंतरच्या लोकांना तो काढत बसावं लागलं. तेव्हा "वरून चकचकीत वार्निश मारा" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. बाहेरच्या भिंतीसाठीचा, चमक नसलेला अॅक्रिलिक पारदर्शक हात, तोही चित्र पूर्ण वाळल्यावर. ओल्या भिंतीवर दिला तर मागून येणारी ओल अडकते आणि फोड येतात.

यावरून तारखेचा प्रश्न आपोआप पुढे येतो. १७ सप्टेंबरला हातात जेमतेम महिना आहे, आणि आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस बेभरवशाचा. भिंत आत्ता पावसाळ्याचं पाणी पिऊन बसली आहे. या महिन्यात रंगवलेलं चित्र दिवाळीपर्यंत फुगेल. माझा आग्रह असा की १७ सप्टेंबरला चित्राचं उद्घाटन ठेवूच नका. त्या दिवशी मंजूर झालेलं डिझाइन मोठ्या कागदावर शाळेत लावा, मुक्तिसंग्राम पाहिलेली किंवा घरात ऐकलेली जुनी माणसं बोलवा, लेकरांना त्यांच्याशी बोलू द्या. अंबाजोगाईत, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेत, मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी शिक्षक म्हणून काम केलेलं आहे, विषय शोधायला लांब जायला नको. खरवडणं आणि तडे बघणं सप्टेंबर-ऑक्टोबरात, रंग दिवाळीनंतर, लोकार्पण २६ जानेवारीला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे भिंतीचा हंगाम. मे महिन्यात दुपारी भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच वाळतो. मुक्तिसंग्राम दिनाचा हट्ट सोडवत नसेल तर पुढच्या वर्षीच्या १७ सप्टेंबरची तारीख घाला आणि काम फेब्रुवारीत संपवा.

मालकाचे १० हजार. लोगो चित्रात नको, आणि हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या शाळांविषयीच्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. बर्गरच्या हॉटेलचा लोगो थेट शाळेच्या भिंतीवर म्हणजे उद्या मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागेल. तुम्हाला नाही, त्यांना. मालकाला सांगायचं असं: दहा हजार देणगी म्हणून द्या, पावती घ्या, बाकी देणगीदारांच्या नावांबरोबर कोपऱ्यात त्याच मापाच्या अक्षरांत तुमचं स्वतःचं नाव येईल, हॉटेलचं नाही. नाही म्हणाला तर नाही. रंगकामाच्या दिवशी लेकरांना खाऊ द्यायला सांगितलं तर तो कदाचित आनंदाने देईल. मात्र तो बर्गर नको, केळी द्या.

परवानगीही यातच आली. भिंत जिल्हा परिषदेची आहे, "सगळे ओळखतात" हे पुरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांची सही आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे. लेखी कागद असला की तक्रार आली तरी विषय तिथेच संपतो.

स्केच आणायला सांगू का, असं विचारलंत. नका सांगू. डिझाइन हेच चित्रकाराचं अर्धं काम आहे. सौदा ठरण्याआधी ते मागणं म्हणजे कपडा शिवून आणा, आवडला तर घेऊ, असं शिंप्याला सांगणं. पेपर नॅपकिनवर "जरा काढून दाखवा ना" हेही त्यातच आलं. त्याऐवजी त्यांच्या आधीच्या दोन-तीन भिंतींचे फोटो बघा, आणि काम झालं त्या दिवसाचे नकोत, दोन पावसाळे झाल्यावरचे मागा. डिझाइनचे पैसे वेगळे ठरवा, एकूण रकमेच्या दहाएक टक्के. त्यात एक मुख्य डिझाइन आणि दोन दुरुस्त्या. दुरुस्त्या सांगणारी व्यक्ती एकच. मंडळातल्या अकरा जणींनी अकरा व्हॉट्सअॅप पाठवले तर बैलाचा रंग संध्याकाळपर्यंत चारदा बदलतो.

विषयाबद्दल एवढंच सुचवते की लांबट भिंत माणूस चालता चालता बघतो. मधोमध एक मोठं चित्र आणि दोन्हीकडे फुलं, ही रचना समोर उभं राहणाऱ्यासाठी असते, रस्त्यासाठी नाही. तुमच्या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, लांबलचक कापडावर लिहिलेला त्यांचा ग्रंथ.  एका लांब पट्टीवर एक विषय पुढे पुढे उलगडत नेण्याची कल्पना तुमच्याकडे घरचीच आहे, चित्रकारांच्या कानावर घाला. नेत्यांचे चेहरे काढायचे ठरवलेत तर मात्र वेळ वाढेल, आणि कोण राहिलं यावरून भांडण होईल ते वेगळं.

लेकरांना घेतलं की खर्च वाचतो असा मंडळात समज असेल तर तो काढून टाका. लेकरं आली की वेळ वाढतो. ती यावीत ती चित्र त्यांचं व्हावं म्हणून. चित्रकार आधी रेषा काढून प्रत्येक भागात रंगाचा आकडा लिहितात, लेकरं आकड्याप्रमाणे भरतात, मग कडा पुन्हा नीट केल्या जातात. एका वेळी आठ-दहाच लेकरं, सकाळी सात ते दहा. प्रत्येकाला छोट्या वाटीत दोन बोटं रंग, डबा नाही. आणि एक इंची चपटा ब्रश. त्यांच्या हाती फक्त पाण्यात मिसळणारे रंग द्यायचे, ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन नाही. डब्यावर शिशाचं प्रमाण बघा, आपल्याकडची मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे. दुकानात कोपऱ्यात पडलेले जुने स्वस्त डबे याच कारणाने नकोत. वाळलेलं इमल्शन कपड्यावरून निघत नाही, हे आयांना आदल्या दिवशी सांगा. गणवेशात कोणी येऊ नये.

कागद काढल्यावर तुमचा पहिला प्रश्न "कमी किती कराल" असा नसावा. विचारा, "सर, ४५ हजारांत काय काय धरलंय?" आणि मग मोकळेपणाने, "आमच्याकडे आज ३० आहेत, एवढ्यात नीट काय होईल?" उत्तर ऐका, मध्ये तोडू नका. जुळलं तर एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा: किती चौरस फूट, कोणतं सामान कोणाचं, सुरू आणि संपण्याच्या तारखा, पावसाने गेलेले दिवस कसे धरायचे, एक वर्षात रंग सुटला तर दुरुस्ती कोणाची. पैसे तीन टप्प्यांत: सुरू करताना ४० टक्के, पांढरे हात आणि आखणी झाल्यावर ३०, पूर्ण झाल्यावर ३०. शेवटचे ३० उद्घाटनाच्या दिवशीच द्या, "वर्गणी यायचीय" म्हणू नका. चित्राखाली त्यांचं नाव येईल हेही लिहा. कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. पण कलम ५७ प्रमाणे आपलं नाव राहावं आणि चित्राची मोडतोड होऊ नये हा हक्क कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाखांची भरपाई दिली. तुमच्या भिंतीवर कोणी खटला भरणार नाही, पण उद्या शाळेने भिंत पाडायची किंवा रंगवायची ठरवली तर महिनाभर आधी चित्रकारांना कळवायचं, एवढी ओळ घातलेली बरी.

निमंत्रणाचा निरोप साधा ठेवा. असा काहीसा: "नमस्कार सर. येत्या शनिवारी साडेदहाला शाळेची भिंत बघायला याल का? नंतर बाराला कॉलेजजवळ बर्गरच्या हॉटेलात आमच्याबरोबर जेवा. तुमचा उपवास किंवा पथ्य असेल तर सांगा, जागा बदलू. स्केच आणायची गरज नाही. येण्याजाण्याचं भाडं मंडळाकडे. काम ठरो न ठरो." शेवटची तीन वाक्यं गाळू नका. आणि शनिवारी पाऊस लागलाच तर भेट पुढे ढकलू नका. पावसात भिंतीवरून पाणी कुठून उतरतं हे उन्हाळ्यात कोणालाच सांगता येत नाही. छत्र्या घेऊन जा.